व्हीएस कोड: फाइलींचा पसारा मस्त आवरतो, मेनूचा मात्र अर्धाच

आमचं छोटं ऑफिस आहे नारायण पेठेत, वेबसाइट बनवतो, क्लायंट बरेचसे आसपासचेच, म्हणजे पुस्तकवाले, क्लासवाले, दोघंतिघं तुळशीबागेतले दुकानदार. सगळ्यांच्या मशीनवर एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्रॅम, एकच, व्हीएस कोड. त्याच्या एकाच बाजूबद्दल लिहितोय, डावीकडे जी फाइलींची यादी दिसते ती आणि वरचे व राइट क्लिकचे मेनू, हे आपल्या कामाप्रमाणे किती बदलता येतात एवढंच. थीम कोणती भारी, एआय कोणतं चांगलं, ते इथे नाही. आणि विषय छोटा वाटत असेल तर बघा, दिवसभर आपले डोळे त्या यादीवरच असतात, नवीन मुलगा किंवा मुलगी जॉइन झाली की पहिले काही दिवस कोड समजण्यापेक्षा फाइल कुठेय हेच शोधण्यात जातात, त्यामुळे मला तरी हा एडिटरचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो.

आधी निकाल सांगून टाकतो. फाइलींच्या यादीसाठी पाचपैकी पाच, मेनूसाठी अडीच.

आता सविस्तर. नेक्स्ट जेएसचा (वेबसाइट बनवायची एक तयार चौकट) कुठलाही प्रोजेक्ट उघडा, खरं काम असतं ॲप आणि पब्लिक या दोन फोल्डरमध्ये, पण डोळ्यासमोर येतं काय तर नोड मॉड्यूल्स, डॉट नेक्स्ट, पॅकेज डॉट जेसन, त्याची लॉक फाइल, टाइपस्क्रिप्टची कॉन्फिग, ईएसलिंटची कॉन्फिग, पोस्टसीएसएसची कॉन्फिग, डॉट एन्व्ह, गिटइग्नोर, रीडमी. यातलं अर्धं मशीनने मशीनसाठी बनवलेलं. यावर पहिला उपाय म्हणजे फाइल्स एक्स्क्लूड ही सेटिंग. कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून सेटिंग उघडायचं, वर एक्स्क्लूड टाइप करायचं, ॲड पॅटर्न, दोन स्टार, स्लॅश आणि फोल्डरचं नाव, झालं, यादीतून ते फोल्डर गायब. डिस्कवर जागच्या जागी असतं, फक्त दिसत नाही. डॉट गिट, मॅकचं डीएस स्टोअर आणि विंडोजचं थंब्स डीबी हे तर आधीपासूनच लपवलेलं येतं म्हणून आपल्याला कधी दिसत नाही.

पण एक लक्षात ठेवा, इथे जे लपवाल ते सर्चमधूनही जातं आणि कंट्रोल पी करून नावाने फाइल उघडतो त्यातूनही जातं. म्हणजे कोणाला फक्त सर्चमधून काढायचंय पण यादीत हवंय तर त्याला वेगळी सेटिंग आहे, सर्च एक्स्क्लूड. दोन्हीतला फरक टीममधल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी उत्साहात काहीतरी लपवतं आणि दुसरा बिचारा ती फाइल डिलीट झाली म्हणून गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) हिस्टरी खणत बसतो. माझा नियम साधा आहे, जे मशीनने बनवलं ते लपवा, जे माणसाने लिहिलं ते कधीच लपवू नका. डॉट एन्व्ह फाइल माणूस लिहितो, तिच्यात पासवर्ड, गुप्त चाव्या (कीज) असतात, ती नजरेसमोरच हवी.

याच कारणासाठी गिटइग्नोरमध्ये (गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी) जे जे आहे ते सगळं यादीतून लपव अशी जी एक तयार सेटिंग आहे ती आम्ही बंदच ठेवलीय. ऐकायला सोयीची वाटते, एका टिचकीत सगळा कचरा साफ, पण एन्व्ह फाइलसुद्धा गिटइग्नोरमध्येच असते ना, मग तीही जाते. ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये तशी फाइल नाही त्यांनी खुशाल चालू करावी.

आणखी एक बारीक गोष्ट, फार कमी लोक वापरतात. एक्स्क्लूडमध्ये अट घालता येते. समजा टाइपस्क्रिप्टची फाइल आहे आणि तिच्यातून तयार झालेली जावास्क्रिप्टची फाइल शेजारी पडलीय, तर जावास्क्रिप्टच्या पॅटर्नला सरळ हो न म्हणता व्हेन लावायचं, की याच नावाची टाइपस्क्रिप्ट फाइल बाजूला असेल तरच लपव. हाताने लिहिलेली जावास्क्रिप्ट दिसत राहते, बनलेली तेवढी जाते. डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणासकट दिलंय.

आता माझं सगळ्यात आवडतं, फाइल नेस्टिंग. 2022 साली आलं हे. लपवण्याऐवजी एका फाइलीच्या पोटात दुसऱ्या ठेवायच्या. पॅकेज डॉट जेसनच्या बाजूला छोटा बाण येतो, तो उघडला की आत लॉक फाइल. ही जोडी तयारच येते. आपण आपल्या जोड्या घालू शकतो, डावीकडे आईचा पॅटर्न, उजवीकडे मुलांचे पॅटर्न स्वल्पविराम देऊन, आणि स्टारच्या जागी जे नाव आलं ते पुढे कॅप्चर म्हणून वापरायचं. आमच्याकडे प्रत्येक कंपोनंटची (पानाचा एक सुटा भाग) एक मुख्य फाइल, तिची टेस्ट आणि तिची सीएसएस मॉड्यूल अशा तीन फाइली असतात, वीस कंपोनंट असले की साठ ओळी. नेस्टिंग चालू केलं की वीसच ओळी दिसतात आणि हवं तेव्हा बाण उघडायचा. अप्पा बळवंत चौकात काउंटरवर आठवीचं गणित म्हटलं की पुस्तक, गाइड, स्वाध्याय एकत्रच पुढ्यात येतं ना, तसं आहे हे, एक नाव घेतलं की त्याच्याबरोबरचं सगळं हाताशी.

नेस्टिंग मुळात बंद असतं, एक्सप्लोररच्या, म्हणजे याच फाइलींच्या यादीच्या, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. आणि चालू केल्यावर लगेच दुसरी सेटिंग बघा, नेस्टिंगच्याच खाली एक्स्पांड म्हणून आहे, ती मुळात चालू असते त्यामुळे सगळे बाण उघडेच दिसतात आणि माणसाला वाटतं की काही फरकच पडला नाही. ती बंद करा. शिवाय फाइली खरोखर कुठे हलत नाहीत, नुसतं दिसण्यापुरतं आहे, आणि एकाच फोल्डरमधल्या फाइलीच एकमेकींच्या पोटात जातात, टेस्टचं फोल्डर वेगळं असेल तर उपयोग नाही.

मग टॅबची नावं. नेक्स्ट जेएसच्या नवीन पद्धतीत प्रत्येक पानाची फाइल पेज याच नावाची असते, फोल्डर तेवढं वेगळं. तर पाच पानं उघडली की वर पाच टॅब, पाचही पेज. अशा वेळी व्हीएस कोड स्वतःहून बारीक अक्षरात फोल्डरचं नाव बाजूला दाखवतो, पण टॅब दाटीवाटीने बसले की ते वाचायचं कोणी. मार्च 2024 च्या 1.88 व्हर्जनपासून टॅबला आपलं लेबल देता येतं, कस्टम लेबल्स पॅटर्न्स नावाची सेटिंग आहे. आम्ही लिहिलंय की ॲप फोल्डरमधल्या कुठल्याही पेज फाइलीसाठी आधी फोल्डरचं नाव आणि पुढे पान हा शब्द. पान हा शब्द मराठीतच लिहिलाय आणि तो तसाच दिसतो. कार्ट पान, चेकआउट पान, संपर्क पान. आमच्याकडची ज्युनियर मुलगी सोलापूरची आहे, तिने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, दादा हे आधी का नाही केलं, मी रोज टॅबवर माउस नेऊन थांबायचे पाथ दिसेपर्यंत.

काही गोष्टी पटकन. एका फोल्डरमध्ये एकच फोल्डर असेल तर व्हीएस कोड दोघांना एका ओळीत जोडून दाखवतो, याला कॉम्पॅक्ट फोल्डर्स म्हणतात, जावावाल्यांना हे वरदान आहे कारण त्यांची फोल्डरं पाच पाच पातळ्या खोल जातात, पण नवशिक्यांना यात मधल्या फोल्डरमध्ये नवीन फाइल कशी करायची तेच कळत नाही, त्यामुळे शिकाऊ मशीनवर बंद केलेलं बरं. यादीतल्या झाडाचा इंडेंट, म्हणजे आतल्या फाइलींसाठी डावीकडे सोडलेली जागा, मुळात आठ पिक्सेलचा असतो, फारच कमी, सोळा करा, डोळ्यांना लगेच आराम पडतो. क्रम हवा तसा लावता येतो, फाइली आधी, प्रकाराप्रमाणे, किंवा शेवटी बदललेली सगळ्यात वर, आणि दोन नंबरची फाइल दहाच्या आधी येते, दहा दोनच्या आधी घुसत नाही, हे साधं वाटतं पण भाग एक भाग दोन अशी नावं देणाऱ्यांना फार लागतं. फाइल उघडली की यादी आपोआप तिथे सरकते, ते नको असेल तर ऑटो रिव्हील बंद करा किंवा फोकस नो स्क्रोल ठेवा.

आता ज्या कामामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते सांगतो. ऑफिसमध्ये एक मॅडम आहेत, पूर्वी मुद्रितशोधनाचं काम करायच्या, आता पुस्तकांच्या वेबसाइटचा मजकूर त्या बघतात, प्रत्येक पुस्तकाची एक मार्कडाउन फाइल (साध्या खुणा वापरून लिहिलेला मजकूर), नाव, लेखक, पानं, किंमत, आयएसबीएन आणि खाली ब्लर्ब, म्हणजे पुस्तकाची छोटी ओळख. मराठी त्यांची एकदम काटेकोर, ऱ्हस्वदीर्घाची एक चूक निसटत नाही. पण एडिटर उघडला की कोडच्या फाइली, कॉन्फिग, इंग्लिश मेनू, या सगळ्याने त्या बिचकायच्या, चुकून काही दाबलं तर साइट बंद पडेल की काय अशी भीती. त्यात त्यांची काही चूक नाही, पन्नास वस्तूंतल्या अठ्ठेचाळीस आपल्या नसतील तर कोणीही बिचकेल.

तर त्यांच्यासाठी एक वर्कस्पेस फाइल बनवली. व्हीएस कोडमध्ये एकाच खिडकीत वेगवेगळी फोल्डरं लावता येतात, त्याची एक छोटी फाइल सेव्ह होते, आणि त्या फाइलीत प्रत्येक फोल्डरला पाथच्या खाली नेम म्हणून आपलं नाव देता येतं. डिस्कवर फोल्डर कंटेंट आणि इमेजेस, पण मॅडमना डावीकडे दिसतं पुस्तकांची माहिती आणि मुखपृष्ठं. दोनच ओळी. बाकी प्रोजेक्ट त्यांना दिसतच नाही. डेस्कटॉपवर त्या वर्कस्पेस फाइलीचा शॉर्टकट, डबल क्लिक केलं की थेट तिथेच. एक बारकावा, असं आतलं फोल्डर उघडलं की वरच्या फोल्डरमध्ये गिट रिपॉझिटरी (गिटने सांभाळलेला प्रोजेक्ट) सापडली, उघडू का, असं विचारतो, तिथे काय करायचं ते आधीच ठरवून सेटिंगमध्ये कायमचं सांगून टाका.

शिवाय त्यांच्यासाठी वेगळं प्रोफाइल. प्रोफाइल 2023 च्या सुरुवातीला सगळ्यांसाठी आलं, त्यात सेटिंग, एक्स्टेन्शन (एडिटरला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम), शॉर्टकट, स्क्रीनची मांडणी सगळं वेगळं ठेवता येतं. मॅडमच्या प्रोफाइलमध्ये एक्स्टेन्शन जवळपास नाहीतच, फॉन्ट मोठा, ओळी आपोआप मोडतात, डावीकडची आयकॉनची पट्टी लपवलेली, आउटलाइन आणि टाइमलाइन बंद.

मराठी मजकूर एडिट करणाऱ्या सगळ्यांसाठी इथेच एक सांगून ठेवतो, कारण हे बघून लोक घाबरतात. नवीन फोल्डर उघडताना लेखकावर भरवसा आहे का असं विचारतो, तिथे नाही म्हटलं तर रिस्ट्रिक्टेड मोड लागतो आणि मग प्रत्येक देवनागरी अक्षराभोवती चौकट दिसायला लागते, अख्खं पान चौकटींनी भरतं. फाइल बिघडलेली नसते. अनोळखी अक्षरांमागे कोणी काही लपवलेलं नाही ना हे दाखवायला ती सोय आहे. आपलंच फोल्डर असेल तर भरवसा आहे म्हणा, चौकटी जातात.

आता मेनू. इथे माझी खरी नाराजी आहे.

जे होतं ते आधी. विंडोज आणि लिनक्सवर वरची फाइल एडिट वाली पट्टी पूर्ण लपवता येते, किंवा ऑल्ट दाबल्यावरच दिसेल अशी ठेवता येते, किंवा डाव्या कोपऱ्यात तीन रेघांच्या बटणात गुंडाळता येते. मॅकवर ती पट्टी सिस्टिमचीच असल्यामुळे हा प्रश्न येत नाही. एडिटरच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात आणि प्रत्येक पॅनलच्या डोक्यावर जी छोटी बटणं असतात त्यांच्यावर राइट क्लिक करून नको ते हाइड करता येतं, हेही 2022 सालीच आलं आणि फार चांगलं आहे, परत हवं असेल तर तिथेच रिसेट मेनू.

पण राइट क्लिकचा मेनू? फाइलवर राइट क्लिक केलं की जी लांबलचक यादी उलगडते ती? तिच्यातलं नको ते नाव वापरणाऱ्याला सरसकट सेटिंगमधून काढता येत नाही, क्रम बदलता येत नाही, नवीन घालता येत नाही. जे एक्स्टेन्शन टाकाल ते आपली एक-दोन नावं तिथे चिकटवतं. कोणत्या एक्स्टेन्शनचं काय हे कळेपर्यंत यादी अर्धा स्क्रीन खाते, आणि उपाय काय तर त्या प्रोजेक्टपुरतं एक्स्टेन्शनच बंद करा. मला ज्या यादीतून रोज कॉपी पाथ आणि रीनेम एवढंच लागतं तिच्यात मी बाकीचं वाचत का बसू?

आणि हे अवघड असतं असं नाही, दुसऱ्यांनी केलेलं आहे. नोटपॅड प्लस प्लस फुकट आहे, त्यात राइट क्लिकचा मेनू म्हणजे एक एक्सएमएल फाइल, सेटिंगमधूनच उघडते, नको ती ओळ काढा, प्रोग्रॅम परत चालू करा, संपलं. सब्लाइम टेक्स्टमध्ये तर मुख्य मेनू, राइट क्लिकचा मेनू, साइडबारचा मेनू, टॅबवरचा मेनू, प्रत्येकाची जेसनसारखी वेगळी फाइल असते, युझर फोल्डरमध्ये आपली फाइल ठेवली की आपली नावं मेनूत मिसळतात. जेटब्रेन्सच्या एडिटरमध्ये मेनू ॲंड टूलबार्स असं सेटिंगचं सरळ पानच आहे, क्रम बदला, काढा, घाला. सब्लाइमचं लायसन्स एका माणसाला 99 डॉलर, वापरून बघायला मुदत नाही, त्यामुळे ज्यांचं कामच मेनूवर चालतं त्यांनी ते जरूर बघावं. आम्ही गेलो नाही कारण फाइल नेस्टिंग आणि टॅबची लेबलं आम्हाला जास्त लागतात.

मराठी मेनू हवा असेल तर तोही तयार मिळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या भाषा पॅकमध्ये जपानी आहे, कोरियन आहे, तुर्की आहे, मराठी नाही.

तरी एक वाट आहे आणि तिच्यामुळेच मी मेनूला शून्य न देता अडीच दिले. आपलं स्वतःचं छोटं एक्स्टेन्शन लिहायचं. ऐकून दचकू नका, दोन फाइली असतात. पॅकेज डॉट जेसनमध्ये कमांड्स खाली कमांडचा आयडी आणि टायटल, मग मेनूज खाली एक्सप्लोरर कॉन्टेक्स्ट, तिथे त्या कमांडचं नाव, व्हेनमध्ये अट आणि ग्रुप. ग्रुप नॅव्हिगेशन दिला की आपलं नाव यादीत सगळ्यात वर. अट अशी लिहिली की फोल्डरवर राइट क्लिक केलं असेल तरच दाखव. आणि टायटल मराठीत. दुसऱ्या फाइलीत थोडीशी जावास्क्रिप्ट, ज्या फोल्डरवर क्लिक झालं त्याचा पत्ता तिला आपोआप मिळतो, तिथे एक साचा घालून नवीन फाइल बनवायची. मग व्हीएससीई नावाच्या टूलने त्याची व्हीएसआयएक्स, म्हणजे इन्स्टॉल करता येईल अशी, फाइल करायची आणि एक्स्टेन्शनच्या पॅनलमधून इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स. मार्केटप्लेसवर (एक्स्टेन्शनचं ऑनलाइन दुकान) टाकायची गरज नाही, अकाउंट नको, काही नको.

मॅडमच्या मशीनवर आता पुस्तकांची माहिती या फोल्डरवर राइट क्लिक केलं की पहिल्याच ओळीत येतं, नवीन पुस्तक. दाबलं की आधी नाव विचारतं, मग नाव, लेखक, पानं, किंमत, आयएसबीएन अशी रिकामी चौकट भरून फाइल समोर उघडते. दुसरी ओळ, तपासून झालं, ती फक्त मार्कडाउन फाइलीवरच दिसते, ती दाबली की फाइलीतल्या स्थितीच्या ओळीत तपासलं असं भरलं जातं. खालची इंग्लिश यादी अजून आहेच, ती काढता आली नाही, पण त्यांना तिच्याकडे बघावं लागत नाही. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, अरे हे तर मराठीत बोलतंय, आणि मग लगेच, पण तपासून झालं च्या पुढे पूर्णविराम कशाला दिलायस, मेनूत पूर्णविराम नसतो. काढला.

म्हणजे शक्य सगळं आहे, पण जे प्रोग्रॅमर नाहीत त्यांना हे कोणीतरी करून द्यावं लागतं, आणि ज्यांना मेनू आवरण्याची सगळ्यात जास्त गरज आहे ते नेमके तेच लोक आहेत. हे मला खुपतं. फाइलींच्या यादीसाठी ज्यांनी इतका बारीक विचार केलाय त्यांनी राइट क्लिकवर एक हाइड द्यावं, बटणांना दिलंय तसंच, एवढी साधी मागणी आहे.

ज्यांना टीमसाठी हे करायचंय त्यांच्यासाठी शेवटचं. एक्स्क्लूड, नेस्टिंग आणि टॅबची लेबलं या तीन गोष्टी प्रोजेक्टमधल्या डॉट व्हीएस कोड फोल्डरच्या सेटिंग फाइलीत लिहा आणि ती फाइल गिटमध्ये टाका, म्हणजे जो क्लोन करेल, म्हणजे प्रोजेक्ट आपल्या मशीनवर उतरवून घेईल, त्याला यादी तशीच दिसेल. फॉन्ट, थीम, इंडेंट, मेनूची पट्टी हे मात्र त्या फाइलीत अजिबात घालू नका, ते ज्याचं त्याने आपल्या युझर सेटिंगमध्ये ठेवायचं, प्रत्येकाचे डोळे वेगळे असतात. आणि वर्कस्पेस फाइलीत फोल्डरचे पाथ रिलेटिव्ह, म्हणजे ती फाइल जिथे आहे तिथपासूनचे, लिहा, सी ड्राइव्हपासून सुरू होणारा पूर्ण पाथ लिहिलात तर दुसऱ्याच्या मशीनवर ती उघडून उपयोग नाही.